सात दिवसांत १८४ जीबी: डाउनलोड सुरू होताच गोठणाऱ्या संगणकाची हकिगत

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाची मी मानद चिटणीस आहे. वाचनालयातील जुन्या नियतकालिकांची पाने आम्ही तीन वर्षे जमेल तशी स्कॅन करत होतो आणि ती सगळी वाचनालयाच्या गूगल खात्यात साठवत होतो. त्यासाठी घेतलेल्या २०० जीबी जागेची वर्षाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपणार होती. ती पुढे वाढवायची नाही, त्याऐवजी दोन पोर्टेबल हार्ड डिस्क घेऊन सर्व पाने त्यांवर उतरवून ठेवायची, असा ठराव फेब्रुवारीच्या कार्यकारिणी सभेत झाला. वाचनालयात संगणक आहे, पण इंटरनेट मोबाइलवरचे आहे. माझ्या घरी मात्र १०० एमबीपीएसची फायबर जोडणी असल्यामुळे हे काम साहजिकच माझ्याकडे आले. चार-पाच तासांचे काम आहे, असे मी सभेत सांगितले होते. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले. ज्यांच्या घरी माझ्यासारखाच सात-आठ वर्षांचा संगणक आहे आणि मोठी फाइल उतरवायला घेतली की ज्यांचा माउससुद्धा हलेनासा होतो, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सोमवारी, ३ मार्चला, मी गूगलच्या ‘टेकआउट’ सुविधेतून खात्यातील सर्व फायलींची मागणी नोंदवली. एकूण माल १८४ जीबी होता. मागणी नोंदवताना प्रत्येक झिप फाइल, म्हणजे अनेक फायलींचे एकत्र बांधलेले गाठोडे, किती मोठी हवी हे विचारले जाते. मी १० जीबीचा पर्याय निवडला आणि १९ भाग झाले. हा निर्णय मी फारसा विचार न करता घेतला होता, पण तोच पुढे कामी आला. ५० जीबीचे भाग घेतले असते, तर प्रत्येक वेळी डाउनलोड तुटल्यावर पाचपट नुकसान झाले असते. ‘तुमच्या फायली तयार आहेत’ अशी ईमेल बुधवारी, ५ मार्चला, संध्याकाळी आली. दुवे सात दिवसच चालतील, हेही त्याच ईमेलमध्ये लिहिलेले होते. म्हणजे १२ तारखेपर्यंत सगळे उतरवणे भाग होते.

मी कागदावर हिशेब मांडला. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट मिळतात आणि प्रत्यक्षात अकरा-साडेअकरा. त्या हिशेबाने १८४ जीबीला साडेचार तास पुरायला हवेत. त्याच रात्री नऊ वाजता मी पाच भाग एकदम सुरू केले, कारण पाच एकदम लावले की काम पाचपट लवकर होईल अशी माझी समजूत होती. पहिली दोन-तीन मिनिटे वेग चांगला होता. मग तो घसरत घसरत पाचही भागांची बेरीज सेकंदाला एक एमबीच्या आत आली आणि प्रत्येक भागासमोर ‘१५ तास शिल्लक’ असे दिसू लागले. याहून त्रासदायक म्हणजे संगणकच गोठला. वर्डची फाइल उघडायला दोन मिनिटे लागली, टंकलेली अक्षरे पाच-सहा सेकंदांनी एकदम पडद्यावर उमटू लागली. टेबलाखालच्या खोक्यातून मात्र सतत करकर असा बारीक आवाज येत होता. त्या आवाजाकडे मी लक्ष दिले नाही. ते दिले असते तर पुढचे तीन दिवस वाचले असते.

सकाळी सहाला उठून पाहिले, तर दोन भाग पूर्ण झाले होते आणि तीन भागांसमोर ‘फेल्ड, नेटवर्क एरर’ असे लाल अक्षरांत लिहिले होते. ‘नेटवर्क’ हा शब्द वाचल्यावर दोष नेटचाच, असे मी ठरवून टाकले.

गुरुवारी इंटरनेट सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली. इथे एक सूचना करते. फोनवर ‘नोंद घेतली आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवावा. तो नसेल तर दुसऱ्या फोनला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावे लागते. मला क्रमांक मिळाला आणि तंत्रज्ञ शुक्रवारी संध्याकाळी आला. त्याने राउटरमधून केबल काढून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली, वेग तपासला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ९४ एमबीपीएस. “ताई, लाइन एकदम ओके आहे. शंभरच्या पोर्टवर यापेक्षा जास्त येतच नाही. तुमच्या पीसीतच काहीतरी असेल,” असे सांगून त्याने तक्रार बंद केली. त्या वेळी मला तो टाळतो आहे असे वाटले आणि मी जरा फणकाऱ्यानेच सही केली. तो अगदी बरोबर होता. दरम्यान शेजारच्या काकांनी नवा राउटर घेण्याचा सल्ला दिला होता आणि २,२०० रुपयांचा एक राउटर मी ऑनलाइन पाहूनही ठेवला होता. तो मागवला नाही, एवढीच त्या आठवड्यातील माझी शहाणपणाची गोष्ट.

त्याच रात्री एक भाग पेन ड्राइव्हवर उतरवून पाहण्याचाही प्रयत्न केला. जागा ३२ जीबी असूनही १० जीबीची फाइल तो घेईना. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की त्यात चार जीबीपेक्षा मोठी एकच एक फाइल मावत नाही, हे मला तेव्हा कळले. त्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस ही फॉरमॅटची दुसरी पद्धत लागते.

शनिवारी, ८ मार्चला, संगणकाचे खोके रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेले. दुकानदाराने तो सुरू केला आणि माझे बोलणे पुरते ऐकण्याआधीच दोन पर्याय ठेवले. फॉरमॅट मारायचा तर ८०० रुपये आणि दोन दिवस, नाहीतर नवा संगणक ४२ हजारांत. नेमके काय बिघडले आहे, असे मी विचारले. “मॅडम, जुना झाला की स्लो होतोच,” हे उत्तर मिळाले. दुव्यांची मुदत संपायला चार दिवस उरले असताना त्यातले दोन दुकानात घालवणे परवडणारे नव्हते, म्हणून खोके तसेच परत आणले. रिक्षाचे जाण्यायेण्याचे १४० रुपये गेले.

संध्याकाळी पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो संगणकाच्याच क्षेत्रात आहे, पण त्याला दरवेळी त्रास देणे मला आवडत नाही. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “आत्या, डाउनलोड चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघितलास का?” नव्हता. संगणकाचा कोणता भाग किती राबतो आहे, हे दाखवणारा हा विंडोजचा प्रोग्रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की तो उघडतो. मी एक भाग सुरू केला, बटणे दाबली आणि तो उघडायलाच दीड मिनिट लागले. त्यातील ‘परफॉर्मन्स’ पानावर जे दिसले, ते वहीत तसेच उतरवून घेतले आहे. प्रोसेसर १८ टक्के. मेमरी चारपैकी साडेतीन जीबी वापरात. नेटवर्क ७ एमबीपीएस. आणि डिस्क १०० टक्के, पण लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १.६ एमबी. त्याखाली ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ १,९०० मिलिसेकंद होता. म्हणजे डिस्कला एक काम सांगितले की ते व्हायला जवळजवळ दोन सेकंद लागत होते. चांगल्या हार्ड डिस्कला त्यासाठी दहा-वीस मिलिसेकंद पुरतात.

भाच्याने फोनवरच सगळे समजावून सांगितले. नळाला पाणी भरपूर होते, पण खाली लावलेल्या हंड्याचे तोंडच बुजले होते. नेट हळू नव्हते. डिस्क लिहू शकत नव्हती म्हणून ब्राउझर पुढचा मजकूर मागतच नव्हता, आणि फार वेळ मागणी न गेल्यामुळे समोरची बाजू जोडणी तोडत होती. त्यालाच संगणक ‘नेटवर्क एरर’ म्हणत होता.

पण डिस्क का लिहू शकत नव्हती? एकसलग लिहायचे असेल, तर साधी हार्ड डिस्कही सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास सहज लिहिते. साडेबारा एमबीची तिला काय मातब्बरी? अडचण येते ती एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहायला-वाचायला सांगितले की. माझ्या डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते आणि लिहिणारी सुई एकच असते. प्रत्येक नव्या जागेसाठी ती सुई तिथवर सरकवायची आणि चकतीचा हवा तो भाग तिच्याखाली येईपर्यंत थांबायचे. या हिशेबाने सेकंदाला शंभरही वेगवेगळ्या जागा गाठता येत नाहीत. मी पाच भाग एकदम लावून तिला पाच ठिकाणी पळवत होते आणि चार जीबीच्या मेमरीत न मावणारा मजकूर विंडोज त्याच डिस्कवर ठेवत होते.

आणखी कोण कोण डिस्क वापरते आहे, हे ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये दिसते. स्टार्टमध्ये ‘रेसमॉन’ असे इंग्रजीत टंकून तो उघडावा, ‘डिस्क’ या पानावर जावे आणि ‘टोटल’ या स्तंभावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत खादाड प्रोग्रॅम वर येतो. माझ्याकडे ब्राउझर तिसऱ्या क्रमांकावर होता. पहिल्या क्रमांकावर विंडोजचा विषाणुरोधक (अँटिव्हायरस) होता, जो उतरलेल्या झिप फायली तपासत बसला होता. दुसऱ्या क्रमांकावरचे नाव वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. स्कॅन केलेली पाने आपोआप खात्यात चढावीत, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच गूगल ड्राइव्हचा सिंक प्रोग्रॅम बसवला होता आणि त्यात ‘डाउनलोड्स’ फोल्डरही जोडून ठेवला होता. खात्यात अजून १६ जीबी जागा शिल्लक होती. त्यामुळे बुधवारी रात्री पूर्ण झालेला १० जीबीचा पहिला भाग, ज्या खात्यातून उतरला होता त्याच खात्यात, इमानेइतबारे परत चढत होता.

मग आणखी एक तपासणी केली. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद दाखवतो. निळ्या रंगात ‘गुड’ दिसायला हवे होते, तिथे पिवळ्या रंगात ‘कॉशन’ होते. सी५ या ओळीत, म्हणजे ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर, १८ हा आकडा होता. हा प्रोग्रॅम आकडे षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांत मोजून दाखवतो, त्यामुळे १८ म्हणजे आपले २४, असे भाच्याने सांगितले. डिस्कवरचे २४ तुकडे तिला नीट वाचता येत नव्हते. असा तुकडा आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे खोळंबते. तो करकर आवाज त्याचाच होता. २०१७ साली घेतलेली डिस्क होती. बिल फाइलमध्ये सापडले, पण हमी केव्हाच संपलेली होती.

डिस्क तपासणारी विंडोजची ‘चेकडिस्क’ आज्ञा चालवून पाहावी, असे मला वाटले होते. भाच्याने ठामपणे नको म्हणून सांगितले. ती तपासणी आजारी डिस्कला कित्येक तास राबवते आणि तेवढ्यात डिस्कने मान टाकली तर आपल्या फायली गेल्याच. आधी महत्त्वाचे सगळे दुसरीकडे हलवायचे, दुरुस्तीचे नंतर पाहायचे. त्या रात्री माझी कागदपत्रे आणि सोसायटीचे हिशेब पेन ड्राइव्हवर घेतले, मगच झोपले.

रविवारी, ९ मार्चला, सकाळी नव्याने मांडणी केली. सिंक प्रोग्रॅम बंद केला. वाय-फायऐवजी केबल लावली आणि त्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण केली, म्हणजे विंडोजची मोठी अद्ययावते (अपडेट) मध्येच उतरू लागत नाहीत. विषाणुरोधक बंद करण्याचा मोह झाला होता, पण तो चालूच ठेवला. संगणकावर बँकेची कामेही होतात, त्यामुळे चार तास वाचवण्यासाठी दार उघडे टाकणे मला पटले नाही. सर्वांत मोठा बदल म्हणजे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड करण्यापूर्वी जागा विचारा’ हे चालू केले आणि फायली संगणकाच्या डिस्कवर न घेता थेट वाचनालयाच्या नव्या पोर्टेबल डिस्कवर घेतल्या. ती मागच्या निळ्या यूएसबी खाचेत लावली. पुढची काळी खाच जुन्या यूएसबी २ पद्धतीची असून बरीच हळू आहे. आणि एका वेळी एकच भाग.

पहिला भाग १६ मिनिटांत उतरला. मी घड्याळ लावून पाहिले होते, तरी खरे वाटेना, म्हणून फाइलवर उजवी टिचकी मारून आकार पाहिला. पुढे दर पंधरा-सोळा मिनिटांनी येऊन नवा भाग लावायचा आणि वहीत खूण करायची, एवढेच काम उरले. मधल्या काळात संगणकावर टंकताही येत होते. दुपारी सव्वादोनला वीज गेली आणि बारावा भाग अर्ध्यावर तुटला. संगणक इन्व्हर्टरवर होता, राउटर नव्हता! वीज आल्यावर तो भाग ब्राउझरने ‘रिझ्यूम’वर पुढे घेतला. राउटरचे कनेक्शन त्याच दिवशी इन्व्हर्टरच्या सॉकेटवर हलवले. संध्याकाळी पावणेसात वाजता उरलेले सतराही भाग डिस्कवर होते. बुधवारी रात्री उतरलेले पहिले दोन तेवढे जुन्या डिस्कवरून नकलून घेतले.

इथे मी थांबले असते, तर घात झाला असता. झिप फाइल उतरली म्हणजे ती शाबूत आहे असे नसते. ‘सेव्हन-झिप’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल न उघडता नुसती तपासण्याची सोय आहे, पण ते काम मी दोन दिवस पुढे ढकलले. मंगळवारी, ११ मार्चला, रात्री एकेक भाग तपासायला घेतला. दुसऱ्या भागात ‘सीआरसी फेल्ड’, म्हणजे फाइल खराब आहे, असा संदेश आला. हा भाग त्या आजारी डिस्कवर उतरलेला होता. दुव्यांची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. रात्री अकराला तो भाग पुन्हा उतरवला, तपासला, आणि बाकीचे सगळे भाग तपासून होईपर्यंत जागी राहिले. ज्यांच्यापुढे अशी मुदत असेल, त्यांनी तपासणी त्याच दिवशी उरकावी.

झिप सोडवताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. भाग एका डिस्कवर ठेवून तिथेच सोडवला, तर वाचणे आणि लिहिणे एकाच सुईला करावे लागते. आतल्या ४१ हजारांवर लहान फायली तशा सोडवायला पहिल्या भागालाच पाऊण तास लागला. मग पहिल्या पोर्टेबल डिस्कवरून वाचून दुसऱ्या पोर्टेबल डिस्कवर सोडवायला सुरुवात केली, तेव्हा तो वेळ निम्म्याहून कमी झाला. हे काम होळी-धुळवडीच्या दोन दिवसांत उरकले.

उरला माझा संगणक. ५०० जीबीची एसएसडी ३,१०० रुपये, ८ जीबी मेमरी १,६५० रुपये, दोन्ही जीएसटीसह. एसएसडीला फिरणारी चकती नसते, त्यामुळे हजार ठिकाणी पळवले तरी ती दमत नाही. बिलावर दोन्ही वस्तूंचे अनुक्रमांक लिहून घेतले, कारण हमीच्या वेळी तेच विचारतात. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल न करता नवीन विंडोज बसवले, कारण न वाचता येणारा तुकडा आला की नक्कल मध्येच अडकते. त्यासाठी आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो आणि परवाना मदरबोर्डशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीशी, जोडलेला असल्यामुळे तो नेट लावताच आपोआप लागू झाला. भाचा १६ मार्चच्या रविवारी आला होता. स्क्रू काढण्यापासून मराठी कीबोर्ड बसवण्यापर्यंत तीन तास गेले.

विंडोज १० ची अद्ययावते १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीप्रमाणे मिळणार नव्हती आणि माझा सातव्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणजे या संगणकावर खर्च करणे शहाणपणाचे होते का, हा प्रश्न कोणीही विचारील. मी तो स्वतःला विचारला होता. पावणेपाच हजारांपैकी एसएसडी तरी पुढच्या संगणकात जाईल आणि ४२ हजारांचा निर्णय घाईत घ्यावा लागणार नाही, एवढे मला पुरेसे वाटले. पुढच्या शनिवारी उबुंटू या मोफत संगणक-प्रणालीची सहा जीबीच्या आसपासची फाइल मुद्दाम उतरवून पाहिली. नेटवर्क ९४ एमबीपीएस, डिस्क ५ टक्के, आणि मी त्याच वेळी सोसायटीचा ताळेबंद टंकत होते.

पोर्टेबल डिस्कची दोन बिले, प्रत्येकी ४,७०० रुपये, वाचनालयाच्या नावाने होती, म्हणून व्हाउचर बिनतक्रार मंजूर झाले. एक डिस्क वाचनालयाच्या लोखंडी कपाटात आहे आणि दुसरी माझ्या घरी. ३१ मार्चला जागेची मुदत संपली आणि खात्यावर ‘साठवण भरली आहे’ अशी लाल पट्टी आली. मर्यादेबाहेरचे खाते दोन वर्षे तसेच राहिले, तर त्यातील मजकूर काढून टाकला जाऊ शकतो, असा नियम आहे. दोन्ही डिस्क पुन्हा तपासण्यासाठी सप्टेंबरमधल्या एका रविवारवर कॅलेंडरमध्ये खूण केली आहे आणि जुनी डिस्क ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे.